कोकणी नाक असं काही असतं का? नाक, सायनस आणि माणसांचे गट

गणपतीत घर माणसांनी भरलं की एक तरी काकी अशी असतेच, जी कुणाचंही नवीन बाळ मांडीवर घेते आणि अर्ध्या मिनिटात निकाल देते, "ह्या नाक आमच्या घराण्याचा आसा." काकी चुकत नाही बरं का, नाकाचा आकार बऱ्यापैकी आईबापाकडून येतोच. 2016 साली लॅटिन अमेरिकेतल्या हजारो लोकांच्या चेहऱ्यांचा अभ्यास झाला, त्यात डीसीएचएस2, आरयूएनएक्स2, जीएलआय3 आणि पीएएक्स1 असल्या अगम्य नावांचे चार जीन्स नाकाच्या आकाराशी जोडलेले सापडले, कुठला नाकाच्या दांड्याच्या रुंदीशी, कुठला नाकपुड्यांच्या रुंदीशी, असं. इथपर्यंत सगळं ठीक.

गोची पुढे होते. घराण्यावरून गाडी जातीवर जाते, जातीवरून वंशावर, आणि मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की अमक्यांची नाकं धारदार कारण ते मूळचे तिकडचे, तमक्यांची बसकी कारण ते मूळचे इथले, आणि ज्याला बारा महिने सर्दी असते त्याला वाटतं आपल्या लोकांचे सायनसच असे असणार. तर माणसांच्या गटागटात नाक आणि सायनस खरंच वेगळे असतात का, असले तर किती, आणि त्याचा आपल्या चोंदलेल्या नाकाशी काही संबंध आहे का, हे जरा नीट बघू.

बाहेर दिसतं ते नाक या सगळ्या प्रकरणाचा लहानसा भाग. खरी जागा मागे आहे, टाळूच्या वर, दोन डोळ्यांच्या मधून पार घशापर्यंत. मधोमध पडदा, पुढे कूर्चा आणि मागे हाड. दोन्ही बाजूच्या भिंतींवर तीन-तीन टर्बिनेट, म्हणजे आत वळलेल्या पातळ हाडाच्या पट्ट्या, ज्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेलं ओलं अस्तर असतं. आपल्याकडे सर्रास म्हणतात ना "नाकाचं हाड वाढलंय", ते बहुतेक वेळा एक तर पडदा वाकडा असतो किंवा खालच्या टर्बिनेटवरचं हे अस्तर सुजलेलं असतं, वाढलेलं हाड वगैरे क्वचितच. आणि पडदा थोडा तरी वाकडा नसलेला मोठा माणूस सापडणं तसं कठीणच आहे, मग तो रत्नागिरीचा असो नाहीतर रोमचा.

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. चार जोड्या, गालामागे मोठे दोन, कपाळात दोन, दोन डोळ्यांच्या मध्ये बारीक बारीक खणांचा पुंजका आणि सगळ्यात खोल मेंदूच्या खाली मागे दोन. प्रत्येकाला नाकात उघडणारं बारीक भोक असतं. गालाच्या सायनसचं भोक तळाशी नसून वरच्या बाजूला असतं, त्यामुळे त्यातला चिकट द्राव आपोआप खाली गळत नाही, अस्तरावरचे सूक्ष्म केस तो ढकलत ढकलत चढणीवर नेतात. हे भोक सुजून बंद झालं की मागे सगळं तुंबतं, गाल आणि कपाळ जड होतं आणि मग आपण म्हणतो "मला सायनस झालाय", जसा काही आधी नव्हताच.

आता गटांचा फरक. इथे हवामान समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून थोडं गणित सहन करा. नाकाचं मोठं काम म्हणजे आत येणारी हवा गरम आणि ओली करणं, कारण फुफ्फुसांना 37 अंशांची आणि पूर्ण ओली हवा लागते, म्हणजे एका घनमीटरला साधारण 44 ग्रॅम पाणी. कोकणात ऐन पावसाळ्यात 27 अंश आणि 90 टक्के दमटपणा असेल तर त्या हवेत घनमीटरला 23 ग्रॅमच्या आसपास पाणी आधीच असतं, म्हणजे शरीराला वरचे 21 ग्रॅमच घालायचे. तेच उणे 10 अंशांत लडाखला उभे राहा, तिथली हवा कितीही ओली म्हटली तरी घनमीटरला 2 ग्रॅमच्या पुढेमागेच पाणी धरू शकते, म्हणजे घालायचे 42 ग्रॅम. माणूस दिवसाला ढोबळमानाने 10 घनमीटर हवा आत घेतो, तर कोकणातल्या नाकाला 210 ग्रॅम पाण्याचा खर्च आणि लडाखात 420. श्वास सोडताना यातलं काही पाणी नाक परत अडवतं, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च कमी होतो, पण दुपटीचा फरक लक्षात घ्या.

अरुंद, उंच नाकात हवेचा थर पातळ राहतो, जास्तीत जास्त हवा ओल्या अस्तराला घासून जाते, म्हणून थंड कोरड्या मुलखात असं नाक उपयोगाचं. दमट गरम मुलखात त्याची एवढी गरज नाही, तिथे रुंद नाकाने काही बिघडत नाही. हे निरीक्षण जुनं आहे, आर्थर थॉमसन आणि डडली बक्स्टन या दोघांनी 1923 साली जगभरची नाकाची मापं हवामानाशी ताडून मांडलं होतं, पण तेव्हा प्रश्न राहिला होता की हे हवामानामुळे झालं की निव्वळ योगायोगाने, कारण छोटे छोटे गट वेगळे राहिले की पिढ्यानपिढ्या आपोआपही फरक पडत जातात. 2017 साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने हाच प्रश्न धरला. पश्चिम आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया आणि उत्तर युरोप अशा चार मुळांच्या लोकांची नाकं थ्रीडी फोटोंवर मोजली. निकाल मजेशीर आला, नाकपुड्यांची रुंदी आणि नाकाच्या बुडाची रुंदी या दोन गोष्टींत योगायोगाने पडेल त्यापेक्षा जास्त फरक निघाला आणि नाकपुड्यांची रुंदी तापमान आणि हवेतल्या पाण्याशी जुळत होती. नाकाच्या बाकी मापांबद्दल तसं काही ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणजे हवामानाने नाक घडवलं हे खरं, पण अख्खं नाक नाही, त्यातला एक तुकडा.

या हिशोबाने कोकणात सगळी नाकं रुंद हवीत. दाभोळ-धोपाव्याच्या फेरीबोटीवर गाड्या चढेपर्यंत नुसतं आजूबाजूला बघत उभे राहा, लांब सरळ, बसकं, टोकाला वाकलेलं, रुंद नाकपुड्यांचं, सगळं एकाच बोटीत दिसेल, आणि एकाच कुटुंबातल्या तिघांची तीन तऱ्हेची दिसतील. कारण हवामानाचा हा परिणाम हजारो वर्षांच्या हिशोबात चालतो आणि या किनाऱ्यावर माणसं येत राहिलीत, कुणी घाटावरून, कुणी समुद्रातून. अलिबागकडचे बेने इस्रायली घ्या, आपले शनवार तेली, त्यांच्यावर 2016 साली झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतलं ज्यू मूळ आणि भारतीय मूळ, दोन्ही भरपूर निघालं. जंजिऱ्याचे सिद्दी घ्या, पूर्वज आफ्रिकेतले. काही शतकं म्हणजे नाक बदलण्याच्या दृष्टीने कालपरवाच. त्यामुळे "कोकणी नाक" म्हणून एक साचा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

सायनसची गोष्ट नाकापेक्षाही वेगळी आहे, आणि मला विचाराल तर जास्त रंजक. नाकाला काम आहे, सायनसचं काम नक्की काय यावर अजून वाद आहे, डोकं हलकं करणं, आवाज घुमवणं, हवा ओली करणं असं बरंच काय काय सुचवलं गेलंय आणि त्यातलं ठामपणे सिद्ध फारसं काही नाही. बऱ्याच जणांचं मत असं की सायनस म्हणजे घर बांधताना जिन्याखाली उरते तशी जागा, आजूबाजूचं बांधकाम कसं झालं यावर तिचा आकार ठरतो. कवट्या मोजल्यावर दिसतंही तसंच, नाकाची पोकळी अरुंद असली की गालातल्या सायनसला बाजूला जागा जास्त मिळते, पोकळी रुंद असली की कमी. म्हणजे इथे हवामानाचा परिणाम झालाच तर तो आडून होतो, नाकामार्फत.

कपाळातल्या सायनसमध्ये गटांचा फरक सगळ्यात ठळक दिसतो. साधारण शंभरात चार-पाच लोकांच्या कपाळात दोन्ही बाजूला सायनस तयारच होत नाही आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही. पण आर्क्टिकच्या बर्फात राहणाऱ्या इनुइट लोकांच्या कवट्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी जास्त सापडलं आणि 1972 मध्ये अलास्काच्या कवट्यांवरून ते थंडीशी जोडलंही गेलं. नेमकं कारण काय यावर अजून एकमत नाही.

आता हाच सायनस दुसऱ्या बाजूने बघा. माणसामाणसात तो इतका वेगळा असतो की 1927 मध्येच डॉक्टरांनी जुने आणि नवे एक्सरे शेजारी ठेवून बेवारस मृतदेहाची ओळख पटवली होती, आणि फॉरेन्सिकवाले आजही हे करतात. जुळ्या भावांच्या कपाळातले सायनससुद्धा एकसारखे नसतात. म्हणजे एकाच आईच्या पोटची, एकाच वेळची, एकाच जातीची, एकाच हवामानातली दोन माणसं, तरी वेगळे. गटागटातला फरक खरा असला तरी गटाच्या आतला फरक त्याच्यापेक्षा फार मोठा आहे. माणसाच्या एकूण जनुकीय फरकांपैकी साधारण 85 टक्के फरक कुठल्याही एका लोकसमूहाच्या आतच सापडतो हे जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी 1972 मध्ये दाखवलं, आणि कवट्यांची मापं घेतली तरी चित्र साधारण असंच येतं.

हे आधी कळलं असतं तर आपल्याकडे एक मोठा घोळ टळला असता. हर्बर्ट रिस्ली नावाचे ब्रिटिश अधिकारी, 1901 च्या जनगणनेचे प्रमुख, त्यांनी त्याच्याही आधी बंगालकडे लोकांची नाकं मोजायचा सपाटा लावला होता. नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले 100, याला नासिका निर्देशांक म्हणतात. जिवंत माणसात 70 च्या खाली अरुंद नाक, 70 ते 85 मध्यम, 85 च्या वर रुंद. रिस्लींचा दावा असा की जितकं नाक रुंद तितकी जात खालची, म्हणजे नाकाच्या आकड्यावरून जातींची उतरंड लावता येते!

आकडा दिसला की आपल्याला तो शास्त्रीय वाटतो, म्हणून हा आकडा जवळून बघा. समजा नाक 36 मिलिमीटर रुंद आणि 50 मिलिमीटर उंच आहे, निर्देशांक आला 72. आता उंची मोजायची ती दोन डोळ्यांच्या मधल्या खळग्यापासून, आणि तो बिंदू जिवंत माणसात कातडीखाली बोटाने चाचपून ठरवायचा. बोट जरा खाली टेकलं आणि उंची 45 भरली तर तोच माणूस 80 वर गेला. माणूस तोच, नाक तेच. वर कवटीवरचे वर्ग वेगळे, तिथे 47 च्या खाली अरुंद आणि 51 पासून पुढे रुंद, त्यामुळे जुनी कवटी आणि जिवंत माणूस यांचे आकडे शेजारी ठेवले की गोंधळच.

रिस्लींच्या या दाव्याचा समाचार घेणारी दोन माणसं कोकणाशी नातं असलेली आहेत, हे सांगताना मला उगाच बरं वाटतं. मालवणात 1893 साली जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये, त्यांनी 1932 मध्ये जात आणि वंश यांच्यावर लिहिताना रिस्लींचीच मापं पुन्हा तपासली आणि दाखवलं की उत्तर हिंदुस्थानातला काही भाग सोडला तर जातीची पायरी आणि नाकाची रुंदी यांचा मेळ बसत नाही. आणि मग 1948 मध्ये डॉ. आंबेडकर, ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्यांनी घुर्यांनी दिलेले हेच नाकाचे आकडे उचलले आणि युक्तिवाद उलटा फिरवला, की या मापांवर विश्वासच ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. म्हणजे अस्पृश्यतेचा उगम वंशात नाही. ज्या मोजपट्टीने लोकांना खालचं ठरवायचं होतं तिचाच असा वापर, वकिली डोकं म्हणतात ते हे.

बरं, इतिहास झाला, आता सीटी स्कॅन. रिपोर्टमध्ये घाबरवणारे शब्द असतात, कॉन्का बुलोसा, हॅलर सेल, ओनोडी सेल, आणि माणूस फोनवर शोधून रात्रभर झोपत नाही. फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरा. समोरून कापल्यासारखा जो फोटो असतो त्यात वर डोळ्यांचे दोन गोल, त्यांच्या खाली गालाचे सायनस, हवा असली की काळे आणि काही साचलेलं असलं की राखाडी, मधे पांढरी उभी रेघ तो पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूला वळलेले टर्बिनेट. मधल्या टर्बिनेटच्या पोटात काळा ठिपका दिसला तर त्याच्या हाडात हवा शिरलेली आहे, तोच कॉन्का बुलोसा. आजार नव्हे. ठणठणीत लोकांतही भरपूर सापडतो. हॅलर सेल म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या तळाला चिकटलेला एक जादा खण, तोही बहुतेकांना काही त्रास देत नाही.

या गोष्टी कुठल्या देशात किती टक्के असतात याचे पुष्कळ तक्ते निघालेत आणि ते वाचताना एक चलाखी ओळखावी लागते. कॉन्का बुलोसाचेच वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे 14 टक्क्यांपासून 53 टक्क्यांपर्यंत जातात. एवढा फरक लोकांमध्ये आहे असं वाटेल, पण 53 टक्केवाल्यांनी टर्बिनेटमध्ये कुठेही, वरच्या पातळ भागात का होईना, हवा दिसली की मोजली आणि बाकी काहींनी फुगा झाला असेल तरच मोजली. ओनोडी सेलचं, म्हणजे डोळ्यांमधल्या पुंजक्यातला जो मागचा खण सगळ्यात मागच्या सायनसच्या वर सरकतो त्याचं, तसंच. पूर्व आणि आग्नेय आशियातल्या काही अभ्यासांत तो बराच जास्त सापडलाय, पण मृतदेह उघडून बघितलं की तो जास्त सापडतो आणि जुन्या जाड कटांच्या सीटीत निसटून जातो, मग फरक माणसांचा किती आणि मशीनचा किती? त्यात पुन्हा सीटी काढायला येतो कोण, तर ज्याला आधीच त्रास आहे तो. गावातल्या धडधाकट माणसांना उगाच कोण मशीनमध्ये घालतंय. त्यामुळे "भारतीयांमध्ये इतके टक्के" असं एखाद्या हॉस्पिटलच्या शंभर-दोनशे स्कॅनवरून कुणी लिहिलं असेल तर ते त्या हॉस्पिटलच्या पेशंटबद्दल खरं, एवढंच धरावं.

तरी सर्जनला हे सगळं माहीत लागतं, कारण दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन करताना चूक महागात पडते. ओनोडी सेल असला तर डोळ्याची नस त्याच्या भिंतीत किंवा अगदी लागून जाऊ शकते. नाकाच्या छतावर मेंदू असतो आणि ते छत काही ठिकाणी अंड्याच्या कवचाइतकंही जाड नसतं. हे छत किती खोल उतरलंय याची केरोस नावाच्या डॉक्टरांनी 1962 मध्ये वर्गवारी केली, 1 ते 3 मिलिमीटर पहिला प्रकार, 4 ते 7 दुसरा, 8 ते 16 तिसरा, आणि जितकं खोल तितका धोका जास्त. बहुतेक देशांत दुसरा प्रकारच जास्त सापडतो, पण टक्केवारी देशागणिक हलते. टेबलावर झोपलेल्या माणसाला मात्र टक्केवारी नसते, त्याचं छत एक तर 3 मिलिमीटर असतं नाहीतर 9, आणि कधी डाव्या बाजूला वेगळं नि उजव्या बाजूला वेगळं. म्हणून ऑपरेशनच्या आधी बारीक कटांचा सीटी काढायला सांगतात. तो खर्च टाळायला बघू नका, रत्नागिरीहून कोल्हापूरला जावं लागलं तरी.

गटांचे आकडे खरंच उपयोगी पडतात ते वस्तू बनवताना. कोविडच्या काळात एन-95 मास्क नाकाच्या दांड्यावर नीट बसेना अशी ओरड बऱ्याच जणांची होती, कारण चेहऱ्याचे साचे बऱ्याच अंशी अमेरिकन मापांवरून ठरलेले. चष्म्याचंही तेच, नाकाचा दांडा बसका असला की तयार फ्रेम घसरते, म्हणून आता काही कंपन्या पूर्व आशियासाठी वेगळे नोज-पॅड देतात. इथे सरासरी कामाची आहे, कारण लाखो नग बनवायचे असतात.

आणि एक गोष्ट रचनेची नसूनही रचनेच्या नावावर खपते, ती म्हणजे सूज. नाकात मस वाढतात, त्याला पॉलिप म्हणतात. युरोप-अमेरिकेत त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी बहुतांशी भरलेल्या असतात, चीनकडे त्या नसलेले पॉलिपही बरेच सापडत आले आहेत, आणि गेल्या काही दशकांत तिथलंही चित्र बदलत चाललंय. हाडं काही एका पिढीत बदलत नाहीत, म्हणजे बदललं ते आजूबाजूचं. गरम दमट मुलखात ॲलर्जीवाला बुरशीचा सायनस जास्त दिसतो. जुलैमध्ये भिंतींवर, गाद्यांवर, कपाटातल्या चपलांवर बुरा चढतो त्या घरात सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका येत असतील तर आजोबांच्या नाकाला बोल लावण्यापेक्षा कपाट उघडून बघितलेलं बरं.

लहान मुलांचं तर वेगळंच. कपाळातला सायनस जन्मताना जवळजवळ नसतोच, एक्सरेत दिसायला लागतो तोच सहा-सात वर्षांच्या पुढे, आणि पुरा व्हायला वयात यावं लागतं. त्यामुळे चार वर्षांच्या पोराचं कपाळ दुखतंय आणि कुणी शेजारीण म्हणाली की ह्यांच्या घरात सगळ्यांना कपाळाचा सायनस आहे, ह्यालाही तोच असणार, तर तिला सांगा, ह्याला तो अजून यायचाय.